खाडीकाठून आप्पांना हाक

रत्नागिरीला कशाला चाललात, असं कुणी विचारलं की त्याला दोनच उत्तरं अपेक्षित असतात. देव नाहीतर मासे. मी "एक लांब वायर बांधायला" असं सांगितलं, तेव्हा आमच्या कोल्हापूरच्या सोसायटीचे चेअरमन जिन्यातच थांबले. "वायर इथं नाही का बांधता येत?" असं त्यांनी विचारायला नको होतं. गच्चीवर माझी अँटेना नको, वीज पडेल, पारवे बसतील, पाण्याच्या टाकीत करंट उतरेल, असे एकेक शोध लावून ती उतरवायला लावणारे हेच गृहस्थ. मी त्यांना म्हटलं, "तुमच्याच कृपेनं चाललेय," आणि बॅग उचलली.

मी हौशी रेडिओवाली. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, पण तारांचा नाद सुटला नाही. सरकारी परवाना घेऊन, घरच्या सेटवरून जगातल्या आपल्यासारख्याच वेड्यांशी बोलायचं, हा आमचा छंद. त्यातही मला ओढ खालच्या बँडची, म्हणजे ज्यांच्या लाटा फार लांबलचक असतात त्यांची. सगळ्यात खालची आमची एकशेसाठ मीटरची. लाटच एवढी लांब म्हटल्यावर तिच्यासाठी वायरही अंगणभर लागते, जमीनही ओलसर लागते, आणि वेळ लागते अंधाराची. दिवसा ती लाट कुठेच जात नाही. फ्लॅटच्या बाल्कनीतून तिचा नाद करणं म्हणजे कपबशीत म्हैस धुणं.

हा नाद मला लावला आप्पांनी. मी नोकरीला नवीन होते, चिपळूणला पोस्टिंग होतं, आणि आप्पा अलोऱ्याच्या कोयना कॉलनीत इंजिनिअर होते. रविवारी मी त्यांच्या क्वार्टरवर जायची आणि ते मला मोर्स शिकवायचे, स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवून. आखूड अक्षरखूण म्हणजे एक टिचकी, लांब खूण म्हणजे चमचा पेल्यावरून ओढायचा. टिंग, खर्रर्र. काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "पेले सोलून निघाले माझे!"

आता काकू नाहीत. आप्पा लेकीकडे, मृणालकडे, विशाखापट्टणमला असतात. गेल्या वर्षी त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. जीव वाचला, पण माणूस गप्प झाला. आधी पाटीवर लिहायचे, मग तेही सोडलं. गच्चीवर त्यांची वायर आहे, टेबलावर सेट आहे, त्यावर मृणालने फडकं टाकून ठेवलेलं. तिचा फोन आला तेव्हा ती रडतच होती. "मावशी, बाबा आता हो-नाही म्हणून मानसुद्धा हलवत नाहीत. मी काय करू?"

मला आधी वाईट वाटलं आणि मग रागच आला. घसा गेला म्हणून गप्प बसायला आप्पा काय गवई होते? मोर्सला घसा लागतो का? बोट लागतं, ते तर शाबूत आहे! फोनवरचे निरोप ते उघडतच नव्हते, म्हणून मी मृणालला सांगितलं, त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांग: मी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जातेय. रोज दिवेलागणीला एकशेसाठ मीटरवर तुम्हाला हाक मारणार. ओ द्यायची की नाही ते तुम्ही बघा.

रत्नागिरीच का, तर ते आप्पांचंच जुनं स्वप्न. पश्चिमेच्या समुद्राला टेकून पूर्वेच्या समुद्राशी एकशेसाठवर बोलायचं, असं ते अलोऱ्याला असल्यापासून म्हणायचे. खाऱ्या पाण्यासारखी जमीन रेडिओला दुसरी नाही. बदल्या झाल्या, संसार झाला, ते राहून गेलं. म्हटलं, चला, पश्चिमेचं टोक मी धरते.

हातखंब्यापर्यंत

आमचे श्रीकांत रेडिओतलं अक्षरही जाणत नाहीत आणि जाणून घ्यायची त्यांची इच्छाही नाही. लग्नात त्यांनी मला आहे तशी पत्करली, त्यात सेट आणि वायरींची बंडलं आली. बरोबर यायला ते एका अटीवर तयार झाले. रोज मासे, आणि दोन्ही वेळा. मी हो म्हटलं. मला काय माहीत पुढे काय वाढून ठेवलंय!

आंबा घाटात धुकं होतं. साखरपा सोडलं तशी हवा बदलली, माती तांबडी झाली आणि माझे केस कुरळे व्हायला लागले. हातखंब्याला चहाला थांबलो. गाडीच्या टपावर वायर उंच धरायची माझी घडीची फायबरची काठी बांधलेली होती. उघडली की तीन मजली उंच होते. टपरीवाल्याने तिच्याकडे बघत बघत चहा गाळला.

"लय मोठा गळ हाय वो. मुशी धरताव काय?"

"मुशी नाही," श्रीकांत म्हणाले, "एक म्हातारा धरायचाय. विशाखापट्टणमचा."

टपरीवाल्याने फार विचार केला आणि आम्हाला न मागता वडापाव दिला. बहुधा दया आली असावी.

श्रीकांतांच्या ऑफिसातला एक मित्र मुंबईला असतो. त्याचं घर रत्नागिरीपासून जवळ, खाडीकाठच्या एका वाडीत. तो शिमग्याला आणि गणपतीला येतो, एरवी घरात त्याची बायको शैलावहिनी आणि म्हातारे वडील, ज्यांना सगळी वाडी तात्या म्हणते. घरामागे आंब्याची बाग, बागेवर सडा, पुढे माड आणि माडांच्या पायाशी खाडी. मी अंगणात उतरले तीच वर बघत. रेडिओवाल्या माणसाला झाड दिसत नाही, खांब दिसतो.

"आलाव काय? वाईच टेका, पाणी घ्या," शैलावहिनींनी गूळपाणी पुढे केलं. श्रीकांतांनी पाणी पिता पिताच विचारलं, "वहिनी, आज बाजारात काय होतं? सुरमई? सौंदाळे?"

"भावजी, मार्गशीस हाय ना!" वहिनी अगदी सहज म्हणाल्या. "महिनाभर आमच्या घरात मासं शिजत न्हाय."

श्रीकांतांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. आमच्याकडे कोल्हापुरात मार्गशीर्ष पाळतात तो गुरुवारपुरता, बाकीचे दिवस तांबडा-पांढरा सुखाने उकळत असतो. समुद्राच्या दारात येऊन या गृहस्थांच्या पानात कुळथाची पिठी, उकडा भात आणि नारळाची चटणी पडली. मला विचाराल तर पिठी अशी होती की मी तिसऱ्यांदा मागून घेतली. सकाळी घावणे आले, जाळीदार, मऊ, नारळाच्या गोड रसात बुडवून खायचे. श्रीकांत तेही खात होते, पण खाडीकडे बघत बघत.

सड्यावर

उंच जागा चांगली, या शहरी समजुतीने मी पहिल्या दिवशी सगळं सामान सड्यावर नेलं. सडा म्हणजे मैलोगणती उघडा कातळ, वर पिवळं वाळलेलं गवत आणि लांबवर समुद्राची चकाकती पट्टी. कुठे विजेचा खांब नाही, घर नाही. मी हरखून गेले. काठी उभी केली, वायर ताणली, आणि अर्थिंगची सळी जमिनीत ठोकायला घेतली.

ठण्. ठण्. ठण्.

तात्या मागून हळूहळू चालत आले होते. अंगात बंडी, कमरेला आखूड धोतर, कानाला कानटोपी. थोडा वेळ त्यांनी मजा बघितली. तोवर सळीचा विळा झाला होता.

"बाय, काय करतेस?"

"तात्या, सळी जमिनीत घालतेय."

"जमीन खंय हाय हितं? कातळ तो. कलम लावायचं तर आमी सुरुंग लावताव."

सुरुंग माझ्याकडे नव्हता. मी वायरी नुसत्याच कातळावर अंथरल्या आणि दिवेलागणीला आप्पांचं सांकेतिक नाव पाठवायला सुरुवात केली. आधी त्यांचं नाव, मग माझं, मग थांबून ऐकायचं. सूर्य समुद्रात गेला. त्यांच्याकडे तो आमच्याआधीच मावळलेला असतो, म्हणजे तिकडे पुरता अंधार. लाट जायला काहीच हरकत नव्हती, पण कोरड्या कातळावरून ती सड्याखालीसुद्धा उतरली असेल की नाही कोण जाणे. कानात नुसती खसखस. श्रीकांत टॉर्च धरून उभे होते. ते म्हणाले, "उद्या बघू." ते असं म्हणतात तेव्हा मला त्यांच्याबद्दल फार माया वाटते, पण तेव्हा ते बोलून दाखवायचं राहिलं.

मोहोर

दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते कोकणात कुणीही करणार नाही आणि आमच्या छंदातला कुणीही करेल.

बागेतली कलमं जुनी, भरदार. त्यांच्या खालची माती मऊ, आणि तिथून खाडीचं पाणी जवळ. मी गलोल काढली. झाडावरून दोरी पलीकडे टाकायला आम्ही गलोलच वापरतो, शिशाचा गोळा दोरीला बांधून. नेम धरला आणि सोडला. दोरी झाडाच्या शेंड्यावरून अशी सुरेख गेली की मीच मला शाबासकी दिली. मग मी ती खेचली.

पिवळसर, बारीक, सुगंधी असं काहीतरी माझ्या डोक्यावर पडलं. पहिल्यांदा मला ते छान वाटलं.

"मोहोर!" वहिनींची किंकाळी आली. "अगो बाय, मोहोर पाडलास!"

त्याच वेळी बागेच्या वरच्या अंगाने नेपाळी राखणदार धावत आला. त्याला वाटलं वानरं शिरली. वानरं हाकलायला त्याच्याही हातात गलोल होती. समोर बघतो तर अठ्ठावन्न वर्षांची बाई, डोक्यात मोहोर, हातात गलोल. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी त्यानेच आपली गलोल पाठीमागे लपवली.

थंडी पडावी, मोहोर यावा, तो धुक्याने काळा पडू नये, तुडतुड्याने खाऊ नये, म्हणून ही माणसं वर्षभर देव पाण्यात घालून बसतात. आणि मी त्यात दोरी ओढली होती! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वहिनींचे हात धरले आणि पुन्हापुन्हा माफी मागितली. त्या रागावल्या होत्या, पण माझ्या केसांतला मोहोर वेचून काढता काढता त्यांना हसू यायला लागलं. "वानर तरी विचारून येतंय काय," असं म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

तात्या मात्र हसले नाहीत. ओटीवर बसवून त्यांनी मला विचारलं, "हे सगळं कशापायी, ते वाईच नीट सांग."

मी सांगितलं. आप्पा, अलोऱ्याची कॉलनी, पेल्यावरचा चमचा, गेलेला आवाज, बंद झालेली पाटी. तात्या ऐकत होते.

"आणि ह्ये सुरू करण्याआदी इचारलंस कुणाला?"

"तुम्हालाच की, तात्या."

"मी न्हवं. जागेच्या धन्याला." त्यांनी हात जोडून माडांकडे पाहिलं. "गाऱ्हाणं घालूया. मग बांध तुजी वायर, खाडीला. कलमांस्नी हात लावू नको."

खाडीकाठी

नारळ काढायला माडावर चढणारा एक गडी त्या दिवशी वाडीत होता. खाडीच्या धक्क्यापाशी दोन माड एकमेकांपासून अगदी माझ्या मापाच्या अंतरावर उभे होते. त्याने कमरेला माझी दोरी बांधली आणि मी चहा संपवायच्या आत शेंड्यावरून विचारलं, "हितं बांधू काय आजून वर?" वायर वर गेली. खाली मी आणि श्रीकांत ओहोटीच्या चिखलात उतरलो, अर्थिंगच्या वायरी खाऱ्या पाण्यात सोडायला. गुडघ्यापर्यंत काळा मऊ चिखल, कडेला कांदळाची झुडपं, चिखलात इटुकले खेकडे. श्रीकांतांची एक चप्पल चिखलाने घेतली ती परत दिलीच नाही. खेकडे बघून ते म्हणाले, "हेपण मार्गशीर्ष पाळतात वाटतं, म्हणून इतके निवांत आहेत."

उन्हं कलल्यावर वाडी जमली. बायका, म्हातारे, मुंबईहून रजेवर आलेले दोघंतिघं. तात्यांनी माडाच्या बुंध्याशी नारळ ठेवला, उदबत्ती लावली, कानटोपी काढून हातात घेतली आणि त्यांचा आवाज एकदम वेगळाच झाला, खणखणीत आणि लयीत.

"बा देवा, बारा वहिवाटीच्या धन्या म्हाराजा..."

"होय म्हाराजा!" सगळ्यांनी एका सुरात ओ दिली. मी दचकले.

"आज ही कोल्हापूरची लेक तुज्या पायाशी आली हाय, म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

"तिनं जी काय वायर बांधलीन, ती तुटू देव नको, तिच्यावर कसलं इघ्न येव देव नको, म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

"सकाळी चुकून मोहोर पाडलान, तो तिचा अपराध पोटात घाल, म्हाराजा..."

"होय म्हाराजा!" हे वहिनी जरा जास्तच जोरात म्हणाल्या.

"आणि तिचा जो कोण गुरू परमुलखात मुका होऊन बसला हाय, त्याच्या कानापत्तूर हिची हाक पोचव, आणि त्याचा सबुद माघारी आण, म्हाराजा..."

"होय म्हाराजा!" यात या वेळी मीसुद्धा होते, आणि श्रीकांतही. नारळ फुटला. आम्हीही रेडिओवर हेच करतो की, असं माझ्या मनात आलं. हाक मारायची आणि कुणीतरी ओ देईल म्हणून थांबायचं. फक्त आमची हाक ऐकायला इतकी माणसं जमत नाहीत.

पण त्या संध्याकाळीही ओ आली नाही. सेट खुशीत होता, खाऱ्या पाण्याने वायरीत जान आली होती, मग आवाज कुठे अडला? अडला वाडीत. दिवेलागण झाली तशी घरोघरी एलईडी दिवे लागले, टीव्ही लागले, चार्जर लागले आणि माझ्या कानात गुंऽऽ असा भुंगा सुरू झाला की त्याच्यामागे आप्पा काय, हत्ती ओरडला असता तरी कळलं नसतं. या स्वस्तातल्या दिव्यांतून आणि चार्जरमधून अशी खरखर निघते. डोळ्यांना दिसत नाही, पण खालच्या बँडवाल्याच्या कानाचं मातेरं होतं. एकदोनदा मला भुंग्याच्या मागे काहीतरी हलल्यासारखं वाटलं. आपल्याला हवं ते ऐकू येतं म्हणतात, तसंही असेल.

मग मृणालचा मेसेज आला. "मावशी, कालपासून बाबा संध्याकाळी सेटवरचं फडकं काढतात, हेडफोन लावतात आणि दार लावून घेतात. आत काय करतात कळत नाही. बाहेर आले की पुन्हा तसेच."

दार लावून घेतात! म्हणजे ते ऐकत होते. कदाचित बोलतही होते आणि मीच तिकडे पोचत नव्हते, किंवा त्यांचं मला पोचत नव्हतं. दुसऱ्या दिवसाची एकच संध्याकाळ हातात होती, कारण परवा निघायलाच हवं होतं, श्रीकांतांच्या पुतण्याचा साखरपुडा तोंडावर होता. आज त्यांनी फडकं काढलंय, उद्याही ओ मिळाली नाही तर ते पुन्हा काढतील का? मी धक्क्यावर बसून रडले, खोटं कशाला सांगू. वहिनी कंदील घेऊन शोधायला आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. दिवे, टीव्ही, भुंगा, सगळं.

वाडीने शब्द पाळला

सकाळी तात्यांनी मला हाक मारली. रात्रीचं सगळं सुनेने त्यांच्या कानावर घातलं होतं.

"दिवं बंद केलं तर ऐकू येल?"

"येईल कदाचित. पण तात्या, सगळ्या वाडीला कसं सांगायचं? लोकांची कामं असतात, मुलांचे अभ्यास असतात."

तात्यांना माझं बोलणं कळेचना. "अगो, काल वाडीनं होय म्हाराजा म्हटलंन. कशाला म्हटलंन? त्याचा सबुद माघारी येव दे म्हणून. आता दिवं चालू ठेवून त्यालाच आडवायचा काय?"

मला वाटलं होतं ती प्रार्थना आहे. त्यांच्या लेखी तो करार होता. होय म्हटलं की काम आपलं झालं. तात्यांनी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्या खणखणीत आवाजात निरोप टाकला: देवाकडे निरांजन लावा आणि मग मेन स्विच पाडा, मी सांगेपर्यंत कुणी वर करू नका.

खरा त्याग वहिनींचा. त्या दिवशी त्यांच्या मालिकेतल्या नायिकेचं लग्न होतं, ते कितीतरी महिने लांबत आलेलं. "ऱ्हाव दे," त्या म्हणाल्या, "ती कुठं पळून जात्येय. उद्या परत दाखवतील." पण दुपारभर त्यांनी दोनदा टीव्हीकडे बघितलेलं मी पाहिलं.

संध्याकाळी भरती होती. खाडी काठोकाठ, पाणी केशरी, पलीकडच्या काठावर बगळ्यांची रांग. वाडी चटया घेऊन धक्क्यावर आली. सेट माझा बॅटरीवरचा; त्याचा स्पीकर मी चालू ठेवला, म्हणजे भुंगा सगळ्यांना ऐकू यावा. सूर्य बुडाला आणि वरच्या अळीपासून एकेक घर विझत आलं. आणि काय सांगू, दर घरागणिक भुंग्याचा आवाज उतरत होता! वाडीला त्याची गंमत वाटायला लागली. "आता माझ्या घराचा गेला!" असं म्हणत लोक स्पीकरकडे कान लावत होते.

सगळी वाडी विझली, तरी एक बारीक, चिवट गुणगुण उरलीच.

"कुणाचा हाय तो?" तात्या गरजले. "शिऱ्या, तुजा काय?"

"माजा न्हाय, तात्या!"

घरोघरी टॉर्च घेऊन माणसं जाऊन आली. कुठेच काही चालू नव्हतं. मी सेट हातात धरून फिरवला आणि गुणगुण वाढत वाढत आमच्याच गाडीपाशी गेली. आत श्रीकांतांचा मोबाइल गाडीच्या इन्व्हर्टरवर चार्ज होत होता. त्यांना रात्री मॅच बघायची होती. सगळी वाडी आमच्यासाठी अंधारात बसलेली आणि आम्हीच तेवढे उजेडात! श्रीकांतांनी वायर उपटली आणि दोन्ही कान पकडले. वाडी इतकी हसली की खाडीपलीकडून कुणीतरी "काय झालं वोऽऽ" असं ओरडून विचारलं.

मग शांतता झाली. कानात नुसती मऊ सळसळ, पाऊस फार लांब पडावा तशी. मी मोर्सच्या बटणावर बोट ठेवलं आणि आप्पांचं नाव पाठवलं. एकदा, दोनदा. थांबले.

अंधारातून ते आलं. बारीक, पण स्वच्छ. नावातलं पहिलंच अक्षर ऐकलं आणि मला पुढचं ऐकायची गरज उरली नाही. मोर्समध्ये प्रत्येकाचा हात वेगळा असतो, चालीसारखा. आप्पांची लांब खूण जराशी जास्तच लांबते. चमचा पेल्यावरून शेवटपर्यंत ओढायची सवय.

"आला!" मी ओरडले. "आला, तात्या!"

आमचे रिवाजाचे निरोप झाले, तुमचा आवाज असा येतो, माझा कसा येतो. मग रोमन अक्षरांत मराठी सुरू झालं. एकेक अक्षर येत गेलं तसं मी मोठ्याने वाचत गेले. "काल पण बोलत होतो. परवा पण. तूच बहिरी."

वाडी खदखदून हसली. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून ते ओ देत होते! सगळ्यांना ते मुके वाटत होते आणि दार लावून ते एकटेच मला हाका मारत होते.

"त्याला सांग," तात्या म्हणाले, "हितं समदी वाडी बसली हाय त्याच्यासाठी. दिवं बंद करून."

मी ते कळवलं. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी गाऱ्हाण्याच्या चालीवर पाठवलं: "बा देवा, ही हाक रोज येऊ दे, म्हाराजा." आणि थांबले. आप्पांनी कितीतरी वर्षं अलोऱ्याला काढलेली. गाऱ्हाण्याला काय म्हणायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

सळसळीतून सावकाश एक अक्षर आलं, मग दुसरं. "एच," मी वाचलं. "ओ. वाय..."

पुढचं वाचायला वाडीने मला सवडच दिली नाही. अंधारात, खाडीवर, सगळ्यांनी मिळून म्हटलं:

"होय म्हाराजा!"

परत

दुसऱ्या दिवशी निघताना वायर उतरवायची होती, पण तात्यांनी उतरवू दिली नाही. "ऱ्हाव दे. लागंल परत." वहिनींनी लग्न पुन्हा दाखवलेलं बघितलं. नायिका ऐनवेळी मांडवातून उठून गेली म्हणे. "बरं झालं आपण दिवं बंद केलंव," त्या म्हणाल्या.

हातखंब्याच्या एका खानावळीत अखेर श्रीकांतांसमोर मासे आले. सुरमईचा तुकडा, बांगड्याचं तिकलं, सोलकढी. ते पहिला घास घेत होते तेवढ्यात मृणालचा मेसेज आला.

"मावशी, आज सकाळी मी बाबांना नाश्त्याला हाक मारली, तर त्यांनी टेबलावर काहीतरी वाजवलं. एक टिचकी, मग नख ओढलं, मग तीन टिचक्या. आणि माझ्याकडे बघून हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मला काहीतरी म्हणाले आणि मला ते कळलं नाही. काय म्हणाले? मला शिकवाल का?"

मी लिहिलं, "ते म्हणाले, थांब. मोर्समधली ठरलेली खूण आहे ती." मग वाटलं, हे लिहून शिकवायचं नसतं. पाण्याचा स्टीलचा पेला रिकामा केला, चमचा उचलला, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून तो जवळ धरला आणि तिच्यासाठी पहिलं अक्षर वाजवलं. टिंग, खर्रर्र. टिंग, खर्रर्र.

वेटर धावत आला. "काय पाहिजे, मावशी?"

मी चमचा वाजवतच होते. श्रीकांतांनी माझ्याकडे बघितलं, आपली सोलकढी संपवून तो पेलाही माझ्यापुढे सरकवला, आणि वेटरला म्हणाले, "तिला आणखी दोन पेले दे. आणि मला एक सुरमई. आम्हाला वेळ लागणार आहे."